ट्रेलर आणि कॅरव्हॅन चोरांपासून वाचवण्यासाठी: नवीन मालकांसाठी मार्गदर्शक

ट्रेलरला इंजिन नसते, इग्निशनची किल्ली नसते, खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर नसतो. दुसऱ्या गाडीमागे जोडायचा आणि ओढून न्यायचा, एवढ्याचसाठी तो बनवलेला असतो. त्याचे कपलिंग, म्हणजे गाडीमागच्या गोळ्यावर (टो बॉलवर) बसणारे पुढचे डोके, तेही प्रमाण मापाचे असते. जगाच्या मोठ्या भागात टो बॉल ५० मिलिमीटरचा, तर उत्तर अमेरिकेत मुख्यतः २ इंच आणि २ ५/१६ इंच. म्हणजे ज्याच्या गाडीला तो गोळा आहे, त्याच्याकडे तुमचा ट्रेलर ओढून नेण्याचे अर्धे साहित्य आधीपासूनच आहे. त्यात ब्रिटनसारख्या देशात देशांतर्गत वापराच्या ट्रेलरला सहसा स्वतःची वेगळी नंबरप्लेट नसते, ओढणाऱ्या गाडीचीच पाटी मागे लावतात. चोराने स्वतःची पाटी लावली की रस्त्यावर कोणाला काही वावगे दिसत नाही.

म्हणून ही चोरी रात्रीच्या अंधारात व्हावी लागत नाही. चोर दिवसाढवळ्या येतो, अंगात रिफ्लेक्टरचे जॅकेट घालतो, शांतपणे जॉकी व्हील (ट्रेलरचे पुढचे टोक वर-खाली करणारे छोटे चाक) फिरवतो आणि निघून जातो. शेजाऱ्यांना वाटते, मालकाने दुरुस्तीला पाठवला असेल. उघड्यावर ठेवलेला, कुलूप नसलेला ट्रेलर जोडून न्यायला दोन मिनिटेही पुरतात.

खरेदीला निघण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. बॅटरीवर चालणारा अँगल ग्राइंडर आणि १ मिलिमीटर जाडीची कटिंग डिस्क यांपुढे बहुतेक कुलपे फार वेळ टिकत नाहीत. त्यामुळे ‘सर्वांत भक्कम कुलूप कोणते’ हा प्रश्नच अपुरा आहे. चोराला चार गोष्टी जमाव्या लागतात: गाडी ट्रेलरपाशी आणणे, कपलिंग गोळ्यावर बसवणे, चाके फिरवणे आणि न सापडता निघून जाणे. या चारही जागी अडथळा हवा आणि प्रत्येक अडथळ्याला वेगळे हत्यार लागायला हवे. एकाच बोल्ट कटरने तुटणारी तीन कुलपे लावण्यापेक्षा एक ग्राइंडरचे, एक पान्याचे आणि एक जॅकचे काम करायला लावणारी व्यवस्था केव्हाही चांगली.

पायरी १: जागा

इथे पैसा लागत नाही, फक्त रिव्हर्स घेण्याचा सराव लागतो. ट्रेलर असा लावा की कपलिंग भिंतीकडे राहील आणि पाठ रस्त्याकडे. कपलिंग आणि भिंत यांच्यात गाडी शिरू शकली नाही, तर चोराला आधी ट्रेलर हाताने वळवावा लागतो. चाके जखडलेली असतील तर ते जमत नाही. ट्रेलर हलका असेल तर जॉकी व्हील क्लॅम्पमधून काढून घरात ठेवा. ट्रेलरला स्वतःची मोटर असेल, म्हणजे कॅरव्हॅनला (राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरला) मूव्हर बसवलेला असेल, तर त्याचा रिमोट कधीही आत ठेवू नका. चोराला ढकलायचेही कष्ट उरत नाहीत.

समोर आडवी उभी केलेली दुसरी गाडी हा चांगला अडथळा आहे, पण ती रोज त्या जागी असेल तरच. गेटच्या बिजागऱ्याही तपासा. बाहेरून कुलूप भक्कम आणि दुसऱ्या बाजूला गेट बिजागऱ्यांवरून नुसते वर उचलून निघते, असे सर्रास आढळते. वरच्या बिजागरीची खुंटी उलटी, म्हणजे खाली तोंड करून बसवली की गेट उचलता येत नाही.

पायरी २: कपलिंग

नवीन मालक बहुधा हिचलॉकपासूनच, म्हणजे कपलिंगच्या कुलपापासूनच, सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. म्हणून हे कुलूप कसे हरते ते नीट समजून घ्या.

पहिला प्रकार: कुलूप फक्त हँडलची हालचाल रोखते, कपलिंगची पोकळी मात्र उघडीच राहते. चोर कुलपाला हातही लावत नाही. तो कपलिंग गोळ्यावर नुसते टेकवतो, वरून रॅचेट पट्टा किंवा साखळी आवळतो आणि हळू वेगाने काही किलोमीटर ओढून नेतो. त्यामुळे कुलूप असे हवे की ज्याने गोळ्याची पोकळी आतून भरून जाते आणि वरून हँडलसकट सगळे डोके पेटीसारखे झाकले जाते. ही पेटी कपलिंगच्या मॉडेलप्रमाणे वेगळी असते. ‘सगळ्यांना बसते’ असे लिहिलेले कुलूप बहुतेक वेळा कोणालाच घट्ट बसत नाही. फटीत पहार शिरली की ते उचकटते.

दुसरा प्रकार नव्या माणसाच्या लक्षातच येत नाही. कपलिंगचे डोके ड्रॉबारला (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याला) दोन-तीन बोल्टनीच जोडलेले असते. चोर दोन पाने घेऊन येतो, तुमचे कुलूप लावलेले डोके उतरवतो, सोबत आणलेले दुसरे डोके लावतो आणि निघतो. महागडे कुलूप तुमच्या दारात तसेच पडून राहते. हिचलॉकच्या पेटीखाली ते बोल्ट झाकले जातात का, हे दुकानातच बघा. झाकले जात नसतील तर शिअर नट लावा. या नटाचा षट्कोनी भाग ठराविक जोर लागला की तुटून पडतो आणि मागे फक्त गुळगुळीत शंकू उरतो, त्यावर पाना धरत नाही. मात्र डोके बदलणे, कपलिंगचा धक्के शोषणारा डँपर दुरुस्त करणे ही देखभालीची कामे उरकल्यावरच शिअर नट बसवा, नाहीतर पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकलाच ग्राइंडर काढावा लागेल. ॲलन बोल्ट असतील तर खाचेत नेमक्या मापाची पोलादी छर्र्याची गोळी हातोडीने ठोकून बसवतात, त्याने ॲलन की आत जात नाही.

बोल्टचे डोके वेल्डिंगने कायमचे बंद करायचा सल्लाही ऐकू येतो. ब्रेक असलेल्या ट्रेलरच्या कपलिंगवर ते करू नका. उष्णतेने बोल्टची ताकद कमी होते, आणि हा जोड रस्त्यावर संपूर्ण ट्रेलर पेलत असतो.

कुलपात तेल घालतानाही एक सावधगिरी बाळगा. अनेक कॅरव्हॅनच्या कपलिंगमध्ये झुलणे रोखणारे घर्षण-पॅड असतात. कुलपावर मारलेला तेलाचा फवारा ओघळून त्या पॅडवर गेला की ते निकामी होतात आणि गाडी वेगात असताना कॅरव्हॅन झुलू लागते. कुलपाच्या सिलिंडरसाठी ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडे पीटीएफई वंगण वापरा, तेही कुलूप काढून हातात घेऊन.

पायरी ३: चाके

चाकाचे कुलूप घेताना एकच कसोटी लावा: ते चाकाचे सगळे नट झाकते का? झाकत नसेल तर चोर कुलपासकट चाक उतरवतो, स्टेपनी चढवतो आणि जातो. पिवळ्या रंगाचे पातळ पत्र्याचे जबडे दुरून दिसतात, तेवढाच त्यांचा उपयोग. टायरमधली हवा सोडली की त्यातले बरेचसे ओढून निघतात.

सर्वांत खात्रीचा प्रकार म्हणजे चेसिसला किंवा एक्सलला बसवलेल्या रिसीव्हरमध्ये (कुलपाचा बोल्ट घेणाऱ्या खोबणीत) शिरणारे कुलूप. त्याची पोलादी थाळी चाकाच्या आऱ्यांमध्ये बसते आणि आडवा बोल्ट थेट रिसीव्हरमध्ये जातो. ते बसवण्याचा क्रम असा:

१. जमीन सपाट असू द्या. हँडब्रेक ओढा, दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.
२. कुलूप लावायच्या बाजूला, निर्मात्याने दाखवलेल्या जागीच जॅक लावून चाक जमिनीपासून जेमतेम सेंटिमीटरभर उचला. आता हँडब्रेक सोडा.
३. दोन आऱ्यांमधली मोकळी जागा रिसीव्हरसमोर येईपर्यंत चाक हाताने फिरवा. टॉर्च लावून बोल्टाची वाट सरळ दिसते का ते बघा.
४. थाळी बसवा, बोल्ट आधी हाताने फिरवून घ्या आणि मगच पान्याने आवळा. सुरुवातीलाच पाना लावला तर आटा वाकडा बसून कापला जातो.
५. चाक खाली घ्या, हँडब्रेक पुन्हा ओढा, ट्रेलर हलवून बघा. बोल्टावर चाकाचा दाब येत असेल तर पुन्हा उचलून चाक किंचित फिरवा. दाबाखाली राहिलेला बोल्ट काही महिन्यांनी जाम होतो आणि निघता निघत नाही.

दोन एक्सलच्या कॅरव्हॅनला एकच कुलूप पुरत नाही. कुलूप असलेले चाक जमिनीला टेकू दिले नाही की उरलेल्या तीन चाकांवर ती ओढून नेता येते. दोन्ही एक्सलवर एकेक कुलूप हवे. दुसऱ्या चाकाची आरी जुळवणे त्रासाचे जाते, कारण पहिले चाक जुळले की ट्रेलर पुढेमागे सरकवायची सोय उरत नाही. म्हणूनच जॅकने उचलून फिरवायची सवय लावून घ्या.

हिवाळाभर किंवा पावसाळाभर ट्रेलर उभाच राहणार असेल तर चाके काढून स्टँडवर ठेवणे हा पर्याय आहे. टायरलाही आराम मिळतो. पण चाके काढलेला ट्रेलर ‘मालक इथे नाही’ हेही जगाला सांगतो, तेव्हा हे बंदिस्त जागेतच करा.

कॅरव्हॅनचे चार कोपऱ्यांचे टेकू ड्रिलला सॉकेट लावून काही सेकंदांत वर जातात. टेकूच्या षट्कोनी टोकावर बसणारी छोटी कुलपे मिळतात. मागच्या दोन टेकूंना ती लावा. टेकू खाली राहिले की ओढताना ते जमिनीला घासत जातात, मोठा आवाज होतो, लोक वळून बघतात.

पायरी ४: साखळी आणि जमिनीतला अँकर

साखळीची जाडी नुसती डोळ्यांनी ठरवू नका, व्हर्निअरने मोजा. १० मिलिमीटर कडीची साखळी हातातल्या बोल्ट कटरने तुटते. १३ मिलिमीटरची मोठ्या, लांब दांड्याच्या कटरने तुटू शकते. १६ मिलिमीटरची, पृष्ठभाग कठीण केलेली मिश्रपोलादाची कडी मात्र हाताच्या कटरला दाद देत नाही, ग्राइंडरच लागतो. कड्या लांबट असतील तर पोकळीत पहार किंवा दुसरे कुलूप घालून पीळ देता येतो. म्हणून आखूड कड्यांची घ्या.

साखळी कशी लावता, हे तिच्या जाडीइतकेच महत्त्वाचे आहे. ती जमिनीवर लोळत असेल तर चोराला आयती ऐरण मिळते: कटरचा एक दांडा जमिनीवर टेकवून तो अंगाचा सगळा भार दुसऱ्यावर टाकतो, नाहीतर घणाचे घाव घालतो. तीच साखळी हवेत, ताणून, ढील न ठेवता बांधली तर त्याला ती ऐरण मिळत नाही. साखळी चेसिसच्या मुख्य भागातून आणि चाकातूनही ओवा. उचलायची मूठ, स्टेपनीचा कंस, मडगार्डची पट्टी असल्या जागा साखळीआधी तुटतात.

कडीकुलूप बंद गळ्याचे घ्या, म्हणजे ज्याची कमान बाहेर जवळजवळ दिसतच नाही असे. युरोपीय मानक ईएन १२३२० मध्ये कडीकुलपांच्या १ ते ६ अशा श्रेणी आहेत. या कामाला ४ च्या खालचे घेऊ नका. ब्रिटनमधल्या सोल्ड सिक्युअरची किंवा नेदरलँड्समधल्या एससीएमची चाचणी-मोहोर असेल तर खोक्यावरच्या विशेषणांपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा.

अँकर, म्हणजे साखळी अडकवायची जमिनीत पक्की बसवलेली कडी, मात्र घाईत बसवला की सगळे मुसळ केरात. काँक्रीट भक्कम हवे. फरसबंदीचे ठोकळे, डांबर किंवा विटांचा थर चालत नाही. अँकरचे स्टड (आटे पाडलेले दांडे) छिद्रात रसायनाने चिकटवतात. एम१६ च्या, म्हणजे १६ मिलिमीटर जाडीच्या, स्टडला सर्वसाधारणपणे १८ मिलिमीटरचे छिद्र १२५ मिलिमीटर खोल लागते आणि छिद्र काँक्रीटच्या कडेपासून दीडएकशे मिलिमीटर तरी आत असावे. नेमके आकडे रसायनाच्या नळीवर असतात, तेच प्रमाण माना. छिद्र पाडल्यावर हवा मारा, तारेच्या ब्रशने घासा, पुन्हा हवा मारा, आणि हे दोनदा करा. पांढरी धूळ आत राहिली तर रसायन काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटते. मग पक्का दिसणारा अँकर एका झटक्यात गाजरासारखा उपटून येतो. नळीतले पहिले काही सेंटिमीटर रसायन बाहेर टाका, दोन्ही घटक मिसळून एकसारखा रंग आल्यावरच भरा. छिद्र तळापासून दोन-तृतीयांश भरा, स्टड फिरवत आत ढकला आणि सुकेपर्यंत हात लावू नका. थंडीत हा वेळ बराच वाढतो.

ओल्या काँक्रीटमध्ये खांब पुरत असाल तर सात दिवस तरी त्यावर जोर देऊ नका. पूर्ण ताकद २८ दिवसांनी येते.

पायरी ५: प्रवासात

सगळी कुलपे घरी ठेवून लोक सहलीला निघतात आणि चोरी पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या पार्किंगमध्ये होते. जोडलेल्या अवस्थेतही कपलिंगचे हँडल उघडता येऊ नये म्हणून त्याला वेगळे कुलूप असते, ते कायम गाडीत असू द्या. उत्तर अमेरिकी पद्धतीच्या रिसीव्हर हिचमध्ये गोळ्याचा अख्खा दांडाच एका पिनवर असतो. तिथे साध्या पिनऐवजी कुलपाची पिन घाला, नाहीतर चोर दांड्यासकट ट्रेलर सोडवतो. थांबताना ट्रेलर खिडकीतून दिसेल असा लावा.

आणि उलट बाजूही सांभाळा. चाकाचे कुलूप विसरून गाडी पुढे घेतली तर मडगार्ड फाटतो, कधी चेसिसला मार बसतो. कुलूप लावताक्षणी गाडीच्या स्टिअरिंगला एक लाल फीत बांधायची आणि कुलूप गाडीत ठेवल्यावरच ती सोडायची, ही सवय खूप कामाची आहे.

पायरी ६: आत काय ठेवू नये

कॅरव्हॅनचे दार भक्कम करण्यात फार पैसे घालवू नका. भिंत पातळ ॲल्युमिनियमची किंवा फायबरची असते, खिडक्या ॲक्रिलिकच्या, त्यांच्या कड्या प्लॅस्टिकच्या. आत घुसणे सोपेच आहे. त्यापेक्षा आत नेण्यासारखे काही ठेवू नका: टीव्ही, गॅस सिलिंडर, बॅटरी, आणि शक्य असेल तर गाद्यासुद्धा, कारण पूर्ण गादी-संच नवीन घेणे फार महाग पडते. कपाटे उघडी आणि पडदे बाजूला सरकवलेले ठेवले की रिकामेपण बाहेरूनच दिसते. नोंदणीची कागदपत्रे आत ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. चोराला विक्रीचा कागदच हाती मिळतो.

अलार्म लावायचा तर हालचाल आणि कल असे दोन्ही सेन्सर असलेला लावा आणि बॅटरीचा हिशेब आधी करा. २० मिलिअँपिअर घेणारा अलार्म दिवसाला सुमारे ०.४८ अँपिअर-तास खातो. १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यावर यायला साडेतीन महिने पुरतात. त्याखाली उतरलेली बॅटरी लवकर मरते आणि अलार्म मुका होतो. छतावर छोटे सोलर पॅनेल असेल तर ही काळजी मिटते.

पायरी ७: ट्रॅकर

ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गेलेली वस्तू परत मिळण्याची आशा देतो. तो कुठे लपवता यावर सगळे अवलंबून आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यामागे किंवा पोलादी चेसिसखाली जीपीएसचे सिग्नल पोहोचत नाहीत. मागच्या दिव्यांच्या प्लॅस्टिकच्या घरामागे, फायबरच्या पॅनेलआड, अँटेना आकाशाकडे तोंड करून ठेवा. बसवल्यावर ट्रेलर बाहेर उभा करून ठिकाण खरेच दिसते का ते तपासा. दिवसातून एकदा ठिकाण कळवणारा बॅटरीवरचा ट्रॅकर वर्षभर किंवा जास्तही चालतो. दर मिनिटाला कळवायला लावला तर काही दिवसांत संपतो. घेताना तो कोणत्या नेटवर्कवर चालतो हे विचारा, कारण अनेक देशांत २जी आणि ३जी सेवा बंद झाल्या किंवा होत आहेत.

ब्लूटूथ टॅग स्वस्त म्हणून लोक तेवढ्यावर विसंबतात. पण हे टॅग कोणाचा पाठलाग करायला वापरले जाऊ नयेत म्हणून अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याची सूचना फोनवर येते, आणि मे २०२४ पासून ॲपल आणि गूगल या दोघांच्याही फोनवर ती एकाच मानकाने येऊ लागली. म्हणजे चोरालाही ती येते. टॅग दुसरा म्हणून ठेवा, एकमेव म्हणून नको.

पायरी ८: ओळख

चेसिस क्रमांक, म्हणजे व्हीआयएन, १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरे नसतात. तो उतरवून घ्या, पाटीचा आणि चेसिसवर ठोकलेल्या क्रमांकाचाही फोटो काढा. पाटी काढून टाकणे सोपे असते. म्हणून तोच क्रमांक पंचने आणखी दोन ठिकाणी ठोका: एक दिसेल असा, एक फक्त तुम्हाला माहीत असलेला. कॅरव्हॅनच्या छतावर मोठ्या अक्षरांत क्रमांक लिहिला तर वरून शोधताना उपयोग होतो. ब्रिटनमध्ये १९९२ पासून सुरू असलेल्या क्रिस या कॅरव्हॅन-नोंदणीत हाच क्रमांक खिडक्यांवर कोरलेला असतो. जुनी कॅरव्हॅन घेताना खिडक्या, चेसिस आणि कागद या तिन्हींचा मेळ बघा. एक जरी काच खरवडलेली असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

विक्रीची जाहिरात देताना क्रमांक, किल्ल्या आणि घराचा दर्शनी भाग फोटोत येऊ देऊ नका. किल्लीच्या स्पष्ट फोटोवरून दुसरी किल्ली बनवता येते.

विमा असेल तर अटी आजच वाचा. कपलिंगचे आणि चाकाचे अशी दोन्ही कुलपे लावलेली असावीत, अशी अट बऱ्याच पॉलिसींत असते. कुलपांच्या पावत्या आणि ती लावलेल्या स्थितीतले फोटो जपून ठेवा. हे चोरीनंतर जमवायला जाणे म्हणजे वरातीमागून घोडे.

चोरी झालीच तर

पहिल्या तासात पोलिसांना चेसिस क्रमांक, फोटो आणि ट्रॅकरचे ठिकाण द्या, मग विमा कंपनीला कळवा. ट्रॅकर आहे की नाही, पाळत आहे का, हे बघण्यासाठी चोर अनेकदा ट्रेलर दोन-एक दिवस एखाद्या बाजूच्या रस्त्यावर सोडून देतात. ठिकाण दिसले तरी एकट्याने आणायला जाऊ नका. तिथे कोण असेल याचा भरवसा नसतो. ठिकाण पोलिसांना कळवत राहा आणि चोरी झाल्याचे समाजमाध्यमांवर टाकताना ट्रॅकरचा उल्लेख टाळा.

परत मिळाला तरी लगेच जोडून निघू नका. चोरांनी हँडब्रेक ओढलेला असताना ओढला असेल तर ड्रम तापून ब्रेकचे शू गेलेले असतात, कपलिंगवर घाव बसलेले असतात, चाके बदललेली असू शकतात. कपलिंगचे बोल्ट, ब्रेकची वायर, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी), दिवे आणि टायरच्या आतल्या बाजू तपासून घ्या. चाकाचे नट टॉर्क पान्याने हँडबुकातल्या आकड्याला आवळा आणि सुमारे ५० किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळा. कुलपे आणि किल्ल्या सगळ्या नवीन घ्या.